पँतानाल

दक्षिण अमेरिकेतील एक विस्तीर्ण उष्ण कटिबंधीय पाणथळ प्रदेश. क्षेत्रफळ सु. १,५०,००० चौ. किमी. याचा बहुतेक भाग ब्राझीलच्या मातू ग्रोसू व मातू ग्रोसू दू सूल या राज्यांत असून उर्वरित भाग बोलिव्हिया व पॅराग्वाय या देशांत मोडतो. दलदल या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून याला हे नाव पडले. तथापि ही कायमची दलदल नसून दरवर्षी पुराने भरणारे व पुन्हा कोरडे पडणारे मैदान आहे.

समुद्रसपाटीपासून ८० ते १५० मी. उंचीच्या या खोलगट मैदानातून पॅराग्वाय नदी वाहते. कूयाबा, ताक्वारी, मिरांदा इ. उपनद्या भोवतालच्या पठारांवरून तिला येऊन मिळतात. पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते एप्रिल या काळात पडतो. जमिनीचा उतार अत्यल्प असल्याने उत्तरेकडील पुराचे पाणी दक्षिणेस पोहोचण्यास काही महिने लागतात. त्यामुळे दक्षिण भागात पाऊस थांबल्यानंतर पूर चढतो. पुराचे हे मंद चक्रच येथील जीवसृष्टीचा आधार होय.

पूरकाळात मासे सर्वत्र पसरतात, तर हरणे, गुरे इ. प्राणी उंचवट्यांवर आश्रय घेतात. पाणी ओसरले की मासे डबक्यांत अडकतात आणि त्यांवर बगळे, करकोचे व मगरीच्या गणातील केमन यांचे थवे व कळप जमतात. या प्रदेशाचे प्रतीक मानला जाणारा जाबिरू करकोचा पिलांना विपुल भक्ष्य मिळणाऱ्या याच काळात उंच झाडांवर घरटी करतो. कोरड्या ऋतूत गुलाबी फुलांनी बहरणारे ईपे वृक्ष प्रदेशाला आगळी शोभा आणतात. कॅपिबारा हा सर्वांत मोठा कृंतक प्राणी, महाकाय पाणमांजर, दलदली हरिण व जॅगुआर हे येथील उल्लेखनीय सस्तन प्राणी होत. सु. १ मी. लांबीचा निळा मकाव पोपट बहुतेक घरटी मांदूवी वृक्षाच्या ढोलीत करतो. या वृक्षाच्या बीजांचा प्रसार मुख्यत्वे टूकान पक्षी करतो. मात्र तोच मकावची अंडीही खातो.

अठराव्या शतकापासून येथे गुरे पाळण्याचा व्यवसाय चालत आला आहे. ब्राझीलने १९८१ मध्ये येथे राष्ट्रीय उद्यान स्थापन केले. १९९३ मध्ये त्याचा रामसर यादीत समावेश झाला आणि २००० मध्ये येथील संरक्षित क्षेत्रास युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तथापि पाण्याचा उगम या क्षेत्राबाहेरील पठारांवर आहे. तेथील जंगलतोड व शेती यांमुळे १९७० नंतर ताक्वारी नदी गाळाने भरत गेली व तिच्या काठचा मोठा प्रदेश कायमचा पाण्याखाली गेला. याउलट २०२० च्या अवर्षणात लागलेल्या वणव्यांत ब्राझीलमधील पँतानालचा सु. एक-चतुर्थांशाहून अधिक भाग जळून असंख्य प्राणी मृत्युमुखी पडले. २०२४ मध्येही मोठे वणवे लागले. केवळ मैदानाचे रक्षण करून हा प्रदेश टिकणार नाही. पुराचे चक्र अबाधित राहण्यासाठी पठारांवरील वने व नद्या यांचेही संरक्षण आवश्यक आहे.