उशिरा बोललेले खरे

फिर्यादीने काही वर्षांनी आपली जबानी फिरवली आणि ‘कोर्टात मी खोटे बोललो’ असे प्रतिज्ञेवर लिहून दिले, की तुरुंगाचे दार आपोआप उघडते, अशी सामान्य माणसाची समजूत असते. उच्च न्यायालयात फौजदारी अपिले चालविणाऱ्या एका वयोवृद्ध वकिलांच्या कचेरीत बसून असे एक प्रकरण मला आरंभापासून निकालापर्यंत पाहावयास मिळाले, आणि तेथे ठळकपणे दिसले ते हे की, अशा खटल्यात पालटलेल्या जबानीचा कागद हाच सर्वांत दुबळा कागद असतो.

प्रकरण बांधावरच्या वैरातून झालेल्या खुनाचे होते. शेजाऱ्याने कुऱ्हाडीचा घाव घातलेला आपण कंदिलाच्या उजेडात डोळ्यांनी पाहिला, अशी फिर्याद मृताच्या धाकट्या भावाने दिली होती, त्या एका साक्षीवर सत्र न्यायालयाने शेजाऱ्याला जन्मठेप ठोठावली होती, आणि अपील सुनावणीवाचून पडून असताना तोच भाऊ एका सकाळी वकिलांकडे येऊन, ‘साहेब, मी कुणालाच पाहिलं नव्हतं, घरच्यांनी नाव घे म्हटलं, मी घेतलं,’ असे म्हणून रडू लागला. वकिलांनी त्याला पाणी दिले, परंतु पुढचा शब्द बोलू दिला नाही. ‘तुम्ही माझे पक्षकार नाही. आधी स्वतःचा वकील करा, तो काय सांगतो ते ऐका, मग ठरवा,’ एवढेच म्हणून त्याची बोळवण केली.

हे निष्ठुरपण का, ते त्यांनी दुपारी उलगडून सांगितले. देहदंडास पात्र अशा गुन्ह्यात कुणास दोषी ठरविण्याच्या हेतूने खोटी साक्ष देणाऱ्यास भारतीय दंड संहितेच्या १९४ व्या कलमाने जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगितली होती, आणि तीच तरतूद आता भारतीय न्याय संहितेच्या २३० व्या कलमात आहे. तेव्हा खरे बोलावयास आलेला हा मनुष्य एका कैद्याला बाहेर काढता काढता स्वतः आत जाण्याची तयारी करीत होता, आणि ही गोष्ट त्याच्याच हिताची काळजी वाहणाऱ्या माणसाने त्याच्या कानी घालावयास हवी होती. शिवाय कैद्याच्या वकिलाने लिहून घेतलेल्या प्रतिज्ञापत्राची सरकारी वकील पहिल्या तीन प्रश्नांतच वासलात लावतात: मसुदा कुणी केला, नोटरीचे पैसे कुणी भरले, एस.टी.चे तिकीट कुणी काढले?

न्यायालयाचा हा संशय अनाठायी आहे असे म्हणवत नाही. वडोदऱ्याच्या बेस्ट बेकरी खटल्यात २००३ साली साक्षीदार एकामागून एक फितूर झाले आणि आरोपी सुटले. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली तो खटला नव्याने चालविण्यासाठी महाराष्ट्रात धाडला, तर मुंबईत प्रमुख साक्षीदार पुन्हा फिरली. ज्याच्या हाती पैसा किंवा दांडगाई आहे तो साक्ष जशी उभी करवितो तशी ती मागेही घेववितो, हे पाहून बसलेल्या न्यायाधीशाने मागाहून आलेल्या पश्चात्तापाकडे कपाळाला आठी घालून पाहिले तर त्यात नवल नाही.

अमेरिकेतील इलिनॉय राज्यातले गॅरी डॉटसन यांचे उदाहरण वकिलांच्या वारंवार तोंडी येई. बलात्काराच्या आरोपावरून त्यांना १९७९ साली शिक्षा झाली. फिर्यादी स्त्रीने १९८५ साली आपण ती हकिगत रचली होती असे जगजाहीर सांगितले. परंतु मूळ खटला चालविणाऱ्या न्यायाधीशांनीच तिचे नवे म्हणणे अग्राह्य ठरविले, आणि गव्हर्नरांनी शिक्षा तेवढी कमी करून दोष तसाच ठेवला. पुढे १९८८ साली जपून ठेवलेल्या वस्त्रावरील डागाची डीएनए तपासणी झाली, तेव्हा कुठे १९८९ मध्ये तो दोष धुतला गेला. तिचा शब्द चार वर्षे कुणी धरला नाही, कापडाचा धरला. आपल्याकडे मुद्देमालाची मुदत संपताच विल्हेवाट लावण्याचा जो नेम आहे, त्याच्याकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे मन बेचैन होते.

म्हणून त्या भावाने स्वतंत्र सल्ला घेऊनही माघार न घेता प्रतिज्ञापत्र केले, तेव्हा आमच्या वकिलांनी ते एकदा वाचून बाजूला सारले आणि जुने पेपरबुक पुढे ओढले. ‘दिसले नव्हते हे आजचे बोलणे. दिसणे शक्य नव्हते, हे त्याच रात्रीच्या कागदांनी सांगितले पाहिजे,’ असे ते म्हणाले. आणि पुढचे कित्येक दिवस, चष्मा कपाळावर सारून, कागद डोळ्यांशी धरून ते जे वाचन करीत होते, तसे वाचन मी कुण्या शास्त्रीबुवांनाही पोथीचे करताना पाहिलेले नाही. घटनास्थळाच्या पंचनाम्यात रक्ताने भिजलेली माती होती, एक चप्पल होती, विडीचे थोटूकसुद्धा पंचांनी सोडलेले नव्हते. कंदील मात्र कुठेच नव्हता. भावाच्या पहिल्या जबाबातही तो नव्हता. तो तिसऱ्या दिवशीच्या पुरवणी जबाबात एकाएकी प्रकट झाला होता, आणि वकिली बोलीत ज्याला ‘ओमिशन’ म्हणतात ती ही मोलाची गोष्ट सत्र न्यायालयात कुणी सिद्ध करून घेतली नव्हती. सी.ए. रिपोर्टात, म्हणजे रासायनिक विश्लेषकांच्या अहवालात, कुऱ्हाडीवर मानवी रक्त असल्याचे लिहिले होते, परंतु रक्तगट निश्चित करता आला नाही असाही शेरा होता. आपल्या न्यायालयांतील सर्वांत कमी वाचला जाणारा ग्रंथ म्हणजे रोजनामा. त्यात पाहता आरोपीला सरकारी खर्चाने वकील ज्या सकाळी मिळाला त्याच दुपारी फिर्यादीची साक्ष झाली होती, आणि उलटतपासणी दीड पानात आटोपली होती.

अपील प्रलंबित होते, एवढे कैद्याचे नशीब. त्यामुळे जादा पुराव्यासाठीचा अर्ज, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३९१ व्या आणि आताच्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४३२ व्या कलमाखाली, गुदरता आला. अपिले संपलेल्या कैद्याला मात्र हा रस्ता बंद असतो. इंग्लंडात अशा प्रकरणांची फेरचौकशी करणारा स्वतंत्र आयोग १९९७ पासून आहे. आपल्याकडे पुनर्विलोकन, मग क्युरेटिव्ह अर्ज, आणि शेवटी राज्यपालांची दया, जी शिक्षा माफ करते पण दोष पुसत नाही.

उच्च न्यायालयाने अर्ज मंजूर करून भावाची साक्ष नव्याने नोंदविण्यासाठी प्रकरण सत्र न्यायालयाकडे पाठविले. तेथे सरकारी वकिलांनी त्याला दोन दिवस सोलून काढले. तो डगमगला, पण फिरला नाही. खंडपीठाने अखेर शिक्षा रद्द केली. निकालपत्रात त्याच्या पश्चात्तापाला एकच परिच्छेद आला आहे, आणि त्यातही केवळ त्यावर विसंबणे धोक्याचे ठरेल असे म्हटले आहे. बाकीची सारी पाने कंदिलाची, पुरवणी जबाबाची आणि रक्तगटाची आहेत.

सुटलेल्या मनुष्याला भरपाई मिळालेली नाही. विधी आयोगाने २०१८ च्या २७७ व्या अहवालात अशा भरपाईसाठी कायदा करण्याची शिफारस केली होती. २०२३ च्या नव्या संहितेत ती उतरलेली नाही. भावावर खोट्या साक्षीबद्दल कारवाई का करू नये, याची नोटीस निघाली आहे.