डब्यातली खपली

आमच्या बचत गटातल्या एका काकूंकडे सासूबाईंच्या वेळचं खपलीचं बी आहे. बाकी गावभर लोकवन. सगळीकडे एकच वाण असला अन् तांबेरा आला, की सगळ्यांचंच पीक सापडतं. खपली तांबेऱ्याला सहसा दाद देत नाही. पण डब्यानं दोन पावसाळे पाहिलेले! टरफलं हातानं सोलून १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळले. आठव्या दिवशी ६१ उगवलेले, त्यातही निम्मे कोंब दोऱ्यासारखे. प्रमाणित गव्हाला ८५ लागतात. काकूंचा चेहराच उतरला. मी म्हटलं, ‘‘अहो, जोम साठवणीत गेलाय, वाण नाही. नव्या दाण्यात तो परत येईल.’’ आता परसात दाट पेरणार. येईल ते बी कडक वाळवून तीन घरांत ठेवायचं.