मागे उभं राहून बघणारं गिऱ्हाईक

मंगळवारच्या बाजाराला आजी मला बोटाला धरून न्यायची, आणि वांगी घ्यायची असोत की लसूण, ती कधी पहिल्यांदा पुढे व्हायची नाही. एखादी बाई तागडीपुढे बसली की तिच्या मागे पदर सावरत उभी राहायची, बाजारात दुसरं काही कामच नसल्यासारखी, आणि नजर मात्र काट्यावर. पारडं टेकतंय न टेकतंय तोच विकणाऱ्यानं माल ओतून मोकळं केलं, किंवा वर टाकायच्या दोन मिरच्या त्याच्या हातातच राहिल्या, की ती माझा हात ओढायची आणि म्हणायची, “चल रे, इथं काटा मारतात.” तिचं स्वतःचं छटाकभरही गेलेलं नसायचं. दुसरीचं काय झालं, एवढ्यावर तिचा निकाल लागलेला असायचा.

ही हुशारी माणसाच्याच जातीची, असं मी कितीतरी वर्षं धरून चाललो होतो. मग एका माशाची हकीगत वाचनात आली आणि आजी पुन्हा डोळ्यांपुढे उभी राहिली, ती थेट तांबड्या समुद्राच्या तळाशी.

मासा कसला, बोटभर जीव. निळसर अंग, आणि तोंडापासून शेपटीपर्यंत कुणी शाईची काळी रेघ ओढावी तसा पट्टा. तांबड्या समुद्रापासून पार प्रशांत महासागरापर्यंत, प्रवाळाच्या आसऱ्यानं हा सापडतो. त्याचा धंदा काय, तर दुसऱ्या माशांच्या अंगावरच्या रक्तपित्या किडी वेचून खायच्या, म्हणून मी त्याला आपला वेचक्या म्हणतो. तुम्ही म्हैस बसलेली पाहिली असेल, कावळा तिच्या कानाशी येतो आणि गोचीड टिपतो, आणि म्हैस कान वर करून डोळे मिटून घेते. तसाच हा प्रकार, फक्त पाण्याखाली आणि नेमलेल्या जागी. प्रत्येक वेचक्याचं ठरलेलं ठिकाण असतं. तिथे तो वरखाली नाचून गिऱ्हाइकाला बोलावतो, आणि मोठे मोठे मासे, आपल्या कोकणात ज्याला हेकरू म्हणतात त्याच्या भाऊबंदांपैकी दांडगे सुद्धा, तोंडाचा आ वासून निमूट थांबतात आणि हा पठ्ठ्या त्यांच्या जबड्यात शिरून दातांच्या फटी साफ करून बाहेर येतो. एक वेचक्या दिवसाला हजार-बाराशे किडी फस्त करतो असा हिशेब निघालाय, आणि गिऱ्हाइकं म्हणाल तर कधी कधी दोन हजारांवर. त्यात एकच मासा दिवसातून कितीदा तरी येतो, हे वेगळं.

इथवर सगळं गोडीगुलाबीचं. पण वेचक्याच्या जिभेची एक खोड आहे. त्याला किडींपेक्षा माशाच्या अंगावरचा बुळबुळीत चिकटा जास्त आवडतो, तोच तो चिकटा, ज्याच्यामुळे मासा साफ करताना हाताला राख लावावी लागते. त्यातही पोपटमाशाचा चिकटा म्हणजे त्याला पक्वान्न. मग काम चालू असताना हळूच एक चावा घ्यायचा, चिकट्याचा लचका तोडायचा, म्हणजे आपल्या भाषेत मापात पाप. चावा बसला की गिऱ्हाइकाचं अंग एकदम झटका खातं, आणि हा झटका लांबूनही दिसतो. पुढची सगळी गोष्ट त्या झटक्यावर आहे.

रेदुआन बशारी म्हणून एक जीवशास्त्रज्ञ इजिप्तमधल्या रास मोहम्मदच्या प्रवाळात बुड्या मारून हा बाजार बघत राहिले. त्यांच्या ध्यानात आलं की एकाचं काम चालू असताना दुसरा मासा जवळ घुटमळत असतो. आधीच्याचं काम शांतपणे उरकलं, तर हा पुढे होऊन अंग मोकळं सोडतो. आणि आधीचा झटका खाऊन पळाला, किंवा उलटून वेचक्याच्या मागे लागला, तर हा आल्या पावली दुसरीकडे वळतो. मला तर त्याच्या परांच्या जागी पदरच दिसला.

पण नुसतं बघून शास्त्राचं समाधान होत नाही. बशारी आणि ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रा ग्रटर यांनी टाक्या मांडल्या. एका बाजूला एक वेचक्या, दुसऱ्या बाजूला दुसरा, आणि दोघांपाशी एकेक खोटा मासा. एका खोट्या माशाला खाणं फासलेलं, त्यामुळे तिथला वेचक्या त्याच्या अंगाशी लागून मन लावून टिपत बसलेला, आणि दुसरा आपला इकडे तिकडे हिंडतोय. मधल्या टाकीतल्या खऱ्या माशाला दोघांचंही दर्शन होत होतं, आणि तो जास्त वेळ कामसू वेचक्याच्या बाजूला रेंगाळला. 2006 साली हे ‘नेचर’ नियतकालिकात छापून आलं. पुढे 2011 मध्ये आणखी एक प्रयोग झाला आणि त्याच्यातून असं निघालं, की बघणारा जवळ असला तर वेचक्या चावे कमी घेतो. म्हणजे गिऱ्हाईक त्याच्यावर नजर ठेवून, आणि तो गिऱ्हाइकाच्या नजरेवर नजर ठेवून. आणि मेंदू म्हणाल, तर इवलासा.

आणि बाजार म्हटला की लबाडही आलाच. काही वेचके असे निघाले, की ते जवळपास राहणाऱ्या चिल्ल्यापिल्ल्या माशांपाशी जातात आणि परांनी त्यांच्या पाठीवर मायेनं हात फिरवावा तसं करत राहतात. त्यात त्यांना खायला काही मिळत नाही. पण लांबून बघणाऱ्या मोठ्या माशाला वाटतं, वा, काय सालस आहे हा! तो विश्वासानं जवळ येतो, आणि आला की त्याच्या अंगाचा लचका. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

जमिनीवरही हे चालतं. जपानमधल्या क्योटो विद्यापीठात काझुओ फुजितांच्या मंडळींनी 54 कुत्री बोलावली, आणि त्यांच्यादेखत मालक एका डब्याचं झाकण उघडायला धडपडतोय असं नाटक केलं. काही वेळा मालकानं शेजारच्याकडे मदत मागितली आणि त्यानं तोंड फिरवलं. मग तो शेजारी आणि दुसरा एक तटस्थ माणूस, दोघांनी कुत्र्यापुढे खाऊ धरला. खाऊ सारखाच, पण कुत्री तोंड फिरवणाऱ्याला टाळायची. मालकानं काही मागितलेलंच नसताना तो माणूस नुसता दुसरीकडे वळला, तर त्याचा राग नाही. हा बारकावा मला फार मोलाचा वाटतो. पाठ फिरवणं निराळं आणि मागितल्यावर पाठ फिरवणं निराळं, हे त्या मुक्या जिवाला कळतं. मांजरांवर हाच प्रयोग पुढे केला, तर त्यांनी दोघांच्याही हातचं सारखंच खाल्लं.

आता सगळे प्राणी भल्याचीच बाजू घेतात असं मात्र धरून बसू नका. काँगोत किन्शासाजवळ बोनोबो वानरांचं अनाथालय आहे. तिथे 2018 च्या सुमारास त्यांना एक खेळ दाखवला: एकाच्या हातून खेळणं पडतं, एक माणूस ते उचलून देतो, दुसरा मधूनच हिसकावून नेतो. नंतर दोघांनी सफरचंदाच्या फोडी पुढे केल्या. मोठी बोनोबो बहुतेक वेळा हिसकावणाऱ्याकडे गेली! अभ्यासकांचा अंदाज असा, की हिसकावून नेण्याची धमक ज्याच्यात आहे तो त्यांना वजनदार वाटत असावा, आणि वजनदाराशी सलगी केलेली बरी.

दिवस मावळला की प्रवाळातला बाजार उठतो, वेचक्या कपारीत शिरून झोपतो. किडींना मात्र रात्रच सोयीची. तेव्हा काही पोपटमासे काय करतात, ऐका: ज्या चिकट्यासाठी वेचक्याची जीभ दिवसभर चाळवते, तोच चिकटा तोंडातून सोडत सोडत ते अंगाभोवती एक पातळ पारदर्शक पिशवी विणतात आणि तिच्यात झोपी जातात, जशी काही मच्छरदाणीच. ही पिशवी किडींना आत येऊ देत नाही, हे ग्रटरबाईंनीच दाखवून दिलं. उजाडलं की ती फाडून पोपटमासा बाहेर पडतो, वेचक्याच्या ठिकाणाकडे निघतो, आणि पुढे कुणाचं काम चाललेलं असलं तर बाजूला थांबून बघत राहतो.