खोबऱ्याचा तुकडा आणि सहावी दाढ

चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्यांवर गुलाल-खोबरे उधळले जाते. अंगावर पडलेला खोबऱ्याचा तुकडा तुम्ही चटकन तोंडात टाकता. आजोबा मात्र तो रुमालात बांधून ठेवतात. त्यांची खोबरे चावणारी दाढ केव्हाच गेलेली असते.

ही दाढ साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांमागे उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून घरची माणसे तिलाही दुधाचीच समजतात. किडली तर किडली, नवी येईल! पण नवी येत नाही.

दाताच्या किडीत किडा नसतो बरे का! दातावरच्या चिकट थरातील जिवाणू गुळापेढ्यांतील साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते दाताचे कठीण कवच विरघळवते. लाळ या आम्लाचा जोर कमी करते. पण सतत काही चघळत राहिल्यास तिला उसंतच मिळत नाही. खड्डा आतल्या नसेपर्यंत पोचला, की ठणका सुरू होतो. कोणी त्यावर मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिचे व्यसन जडते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

मग एके दिवशी ठणका आपोआप थांबतो. दात बरा झालेला नसतो, नस मेलेली असते. मुळाशी पू साचतो, तो जबड्यात, क्वचित गळ्यापर्यंत पसरतो. हृदयाची झडप सदोष असल्यास रक्तातून गेलेले जिवाणू तेथेही ठाण मांडू शकतात.

आज आरशासमोर उभे राहून मधल्या दातापासून मोजा. सहावी ती. तिच्या खाचेत काळा ठिपका दिसला, तर ठणक्याची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. लहान खड्डा सहज भरता येतो.