न शिवतां ओळखणारा पहारेकरी

गेल्या दिवाळींत माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. नमस्कारासाठीं त्यानें हात जोडले, तेव्हां उजव्या हाताच्या दोन बोटांचीं शेवटचीं पेरें नाहींत असें मला दिसलें. एका लहान कारखान्यांत पत्रा कापण्याच्या प्रेसवर तो काम करीत असे. तो म्हणाला, "गुरुजी, प्रेसच्या जाळीला सेन्सर होता. जाळी उघडी असली तर प्रेस चालायची नाहीं, असें आम्हांला सांगितलें होतें. मग त्याला माझा हात कां दिसला नाहीं?" मॅट्रिकपुरतें पदार्थविज्ञान मला येत होतें. त्यांत थोडी भर घालून मीं उत्तर शोधलें. तेंच आज, श्रोतेहो, आपणांपुढें मांडीत आहें.

हें उपकरण दिसावयास अगदीं साधें. निकेलचा मुलामा दिलेली, आंगठ्याएवढी पितळी नळी, बाहेरून आटे पाडलेले आणि मागें बहुधा तीन तारा. शुद्ध मराठींत त्याला 'प्रवर्तक सान्निध्यसूचक' म्हणतां येईल. कारागीर 'प्रॉक्सी' म्हणून मोकळे होतात, व मीहि तेंच म्हणेन.

नळीच्या तोंडाशीं फेराइटच्या गाभ्यावर तांब्याच्या तारेचें वेटोळें असतें. त्यांतून सेकंदाला कांहीं लाख वेळां दिशा पालटणारा प्रवाह खेळत असतो, व त्यामुळें तोंडासमोर तसेंच पालटणारें चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें. असें क्षेत्र जवळच्या वाहकांत वीज उत्पन्न करतें, हें फॅरडेनें १८३१ सालीं दाखवून दिलें. लोखंडाचा तुकडा समोर आला कीं त्याच्या पृष्ठभागांत डोहांतल्या भोवऱ्यांसारखे प्रवाह फिरूं लागतात, आणि तेथें उष्णतेच्या रूपानें शक्ति खर्च होते. ही शक्ति येते कोठून? वेटोळ्यांतील आंदोलनांतूनच. झोपाळ्यावरच्या मुलानें पाय जमिनीला घासला म्हणजे झोका लहान होतो, तसें हें आंदोलन लहान होतें. तें ठराविक मर्यादेखालीं उतरलें कीं आंतील मंडल खटका पाडतें.

वर्गांत हें सांगितलें असतें, तर एखादा हुषार मुलगा लागलीच म्हणाला असता, "मग तांबें सर्वांत दुरून कळत असेल, वीज त्यांतून किती सुरळीत वाहते!" वस्तुस्थिति उलट आहे. तांब्यांतहि भोवरे उठतात; पण वाटेंत विरोध थोडा, म्हणून शक्तीची नासाडीहि थोडी. पोलादाचा विरोध अधिक. शिवाय चुंबकत्वामुळें प्रवाह पृष्ठभागाच्या पातळ थरांत कोंडला जातो, आणि नासाडी वाढते. पोलाद जेथें ५ मिलिमीटरांवरून कळतें, तेथें पितळ सुमारें दोन-अडीच मिलिमीटरांवरून आणि तांबें दीड-दोन मिलिमीटरांवरून कळतें. मौज अशी, कीं ॲल्युमिनियमचा पातळ वर्ख त्याच धातूच्या जाड तुकड्यापेक्षां दुरून ओळखला जातो!

या प्रॉक्सीचा जन्म रेडिओच्या घरांतला आहे. वाल्टर पेपर्ल व लुडविग फुक्स यांनीं १९४५ सालीं जर्मनींतील मॅनहाइम येथें रेडिओदुरुस्तीचें दुकान घातलें, आणि त्यांच्याच कारखान्यांत १९५८ सालीं ही युक्ति सिद्ध झाली. जुने खटके वस्तूच्या धक्क्यानें चालत. ते झिजत, आणि ठिणगीहि उडे. ज्वालाग्राही वाफा असलेल्या रासायनिक कारखान्यांत ठिणगी म्हणजे काय, हें सांगणें नको. प्रॉक्सी कशालाहि शिवत नाहीं, म्हणून झिजत नाहीं. तेल, धूळ, पाणी यांची त्याला फारशी पर्वा नसते. दंतचक्राचे दांते मोजणें, यंत्राचा सरकता भाग जागेवर पोंचला कीं नाहीं हें कळविणें, डब्याला पत्र्याचें झाकण आहे कीं नाहीं तें पाहणें, अशीं कामें तो अहोरात्र करतो. रुळाशेजारीं बसवून आगगाडीचीं चाकें मोजणारें उपकरणहि याच कुळांतलें. दृष्टि मात्र मोठी आखूड: १२ मिलिमीटर व्यासाच्या नळीला सामान्यतः २ ते ४ मिलिमीटर.

आतां त्या मुलाचा प्रश्न. हातांत धातू नाहीं. मांसांत उठणारे प्रवाह इतके क्षीण, कीं वेटोळ्याला त्यांची दादहि लागत नाहीं. प्रॉक्सी हात पाहण्यासाठीं नव्हताच. जाळीच्या कडेला पोलादी पट्टी होती. जाळी मिटली कीं ती प्रॉक्सीसमोर येई. कोणींतरी त्याच्या तोंडावर लोखंडी वायसर चिकटपट्टीनें लावून ठेवला होता. मग जाळी उघडी असो वा मिटलेली, समोर लोखंड आहे एवढेंच प्रॉक्सीनें प्रामाणिकपणें कळविलें, आणि प्रेस चालत राहिली. वायसर कोणीं लावला हें मीं विचारलें नाहीं. मजुरी नगावर होती, एवढें तो आपण होऊन म्हणाला.

म्हणूनच माणसाच्या रक्षणाची भिस्त एकट्या साध्या प्रॉक्सीवर ठेवूं नये असें जाणते सांगतात. जाळीसाठीं आतां सांकेतिक सेन्सर मिळतात; ते आपल्या ठरलेल्या जोडीदाराशिवाय दुसऱ्या कोणत्याहि तुकड्याला दाद देत नाहींत. ते महाग पडतात, ही तक्रार खरी आहे. पण पाळी सुरू होतांच, हात दूर ठेवून, जाळी उघडी असतां प्रेस खरोखर अडते कीं नाहीं हें पाहण्यास कांहींच खर्च येत नाहीं. तो मुलगा आतां दुसऱ्या कारखान्यांत आहे, आणि रोज सकाळीं हें करतो.