पोटातून कपापर्यंत : कांडेचोर, कॉफी आणि अन्नाची सुरक्षितता

इतवारीतल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींवर, छपराच्या वळचणीला, पिंपळाची रोपे उगवलेली दिसतात. ती तेथे कोणी लावलेली नसतात. पक्षी पिंपळाची फळे खातात. गर त्यांच्या पोटात पचतो, पण बी पचत नाही. ते विष्ठेबरोबर भिंतीच्या फटीत पडते आणि पावसाळ्यात रुजते. म्हणजे प्राण्याच्या अन्नमार्गातून गेलेली प्रत्येक वस्तू 'पचतेच' असे नाही. हे एवढे लक्षात ठेवले, तर जगातील एका अतिमहाग पेयाचे कोडे आपल्याला सोडवता येईल.

हे पेय म्हणजे इंडोनेशियातील 'कोपी लुवाक'. कोपी म्हणजे कॉफी आणि लुवाक म्हणजे आपल्याकडचा कांडेचोर. उदमांजराच्या कुळातला हा निशाचर प्राणी भारताच्याही बहुतेक भागांत आढळतो. मेळघाटच्या जंगलात तो आहे, आणि त्याच मेळघाटात, सुमारे १,१०० मीटर उंचीवरील चिखलदऱ्याला, कॉफीची लागवडही आहे. कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात कांडेचोराने खाल्लेल्या कॉफीच्या बिया गोळा करून थोड्या प्रमाणात विकल्याही जातात. थायलंडमध्ये हत्तीकडून आणि ब्राझीलमध्ये जाकू नावाच्या पक्ष्याकडून अशीच कॉफी मिळवतात.

हे ऐकल्यावर वर्गात दोन प्रश्न हमखास येतात. 'शी! असली कॉफी लोक पितात तरी कशी?' हा पहिला. आणि 'ती प्यायल्याने आजार होत नाही का?' हा दुसरा. पहिला प्रश्न आवडीनिवडीचा आहे, तो ज्याचा त्याने सोडवावा. दुसरा मात्र विज्ञानाचा आहे.

पोटात काय घडते?

कॉफीचे पिकलेले फळ लाल, बोराएवढे असते. बाहेर साल, आत गोड गर, त्याखाली चिकट थर, मग कागदासारखे कडक टरफल आणि त्याच्या आत सामान्यतः दोन बिया. कांडेचोर फळ खातो ते गरासाठी. साल, गर आणि चिकट थर पचतो. बिया टरफलासकट बाहेर पडतात.

कांडेचोर मांसाहारी गणातला असला तरी फळे आवडीने खातो. त्याचे आतडे साधे आणि आखूड असते. गाई-म्हशींच्या पोटात असते तशी कडबा आंबवणारी कोठी त्याला नसते. त्यामुळे बी आत फार काळ राहत नाही. तरीही तेवढ्या वेळात जठरातील आम्ल आणि विकरे आपले काम करतात. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाचे मासिमो मार्कोन यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा बियांच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खड्डे दिसले. बीमधील प्रथिनांचेही काही प्रमाणात विघटन झालेले आढळले. प्रथिनांचे तुकडे झाले, की भाजताना होणाऱ्या रासायनिक क्रिया बदलतात आणि चवही बदलू शकते.

आतड्यातील सूक्ष्मजीवांचा यात वाटा किती? २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कांडेचोराच्या आतड्यात ग्लुकोनोबॅक्टर या जिवाणूंचे प्राबल्य दिसले. हे जिवाणू सिरका तयार करणाऱ्या जिवाणूंच्या कुळातले. साखर असलेल्या वस्तूंवर, पिकल्या फळांवर ते सहज वाढतात. फळे खाणाऱ्या प्राण्यात ते असणे स्वाभाविक आहे. मात्र येथे विद्यार्थ्यांना थांबवून विचारावे : एखादा जिवाणू तेथे विपुल आहे, एवढ्यावरून कॉफीची चव त्यानेच आणली असे ठरते का? ठरत नाही. कांडेचोर नेमकी पिकलेली फळे निवडतो, हेही चवीचे कारण असू शकेल. दोन्ही कारणे वेगळी करायची, तर माणसाने निवडलेल्या तितक्याच पिकल्या फळांच्या बियांशी तुलना करावी लागेल.

२०२५ मध्ये केरळच्या केंद्रीय विद्यापीठातील संशोधकांनी कोडगूच्या मळ्यांतून कांडेचोराची विष्ठा गोळा केली आणि तिच्यातील रोबस्टा कॉफीच्या बिया साध्या बियांशी ताडून पाहिल्या. कांडेचोराच्या बियांत एकूण स्निग्धांश जास्त आढळला आणि काही मेदाम्लांचे घटकही अधिक होते. पण त्या बिया न भाजलेल्या होत्या. कपातील चवीबद्दल त्यावरून निर्णय देता येत नाही.

धोका कोठे आहे?

विष्ठेत ई. कोलाय, साल्मोनेला यांसारखे जिवाणू असू शकतात, परोपजीवींची अंडीही असू शकतात. मग कॉफी सुरक्षित कशी? तीन पायऱ्यांमुळे. कडक टरफलामुळे घाण बीपर्यंत सहसा पोहोचत नाही. धुऊन, वाळवून ते टरफल काढून टाकतात. आणि शेवटी बिया सुमारे २०० अंश सेल्सिअसला भाजतात. दूध पाश्चरीकरणाला ७२ अंश तापमान १५ सेकंद पुरते, हे आपण शिकवतो. त्या मानाने भाजण्याची आच फारच मोठी आहे.

पण येथेच एक गैरसमज रुजतो : 'आगीतून गेले की सगळे शुद्ध.' तो तपासून पाहू.

पहिली गोष्ट, धोका पिणाऱ्यापेक्षा गोळा करणाऱ्याला आणि धुणाऱ्याला जास्त. त्यांच्या हाती येते ती न भाजलेली वस्तू. हातमोजे, साबण आणि स्वच्छ पाणी यांची गरज त्यांना आहे.

दुसरी, भाजलेल्या बिया न भाजलेल्या बियांच्याच सुपात, पोत्यात किंवा त्याच हातांनी हाताळल्या, तर आगीने केलेले काम वाया जाते. कोरड्या पदार्थात जिवाणू वाढत नाहीत हे खरे, पण साल्मोनेला त्यात महिनोन्‌महिने तग धरतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आग जिवाणू मारते, पण प्रत्येक विष नष्ट करत नाही. धुतलेल्या बिया लवकर वाळल्या नाहीत, तर त्यांवर बुरशी धरते. काही बुरशी ओक्राटॉक्सिन-ए नावाचे मूत्रपिंडाला घातक विष तयार करतात. भाजल्यावर बुरशी मरते, विष मात्र काही अंशी उरते. म्हणून युरोपीय संघाने भाजलेल्या कॉफीत या विषाची मर्यादा किलोमागे ३ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. त्यावर खरा उपाय एकच : बियांतील ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत त्या झटपट वाळवणे आणि पुढे कोरड्याच ठेवणे. ही काळजी साध्या कॉफीलाही तितकीच लागू आहे.

चौथा धोका पिंजऱ्याचा. मागणी वाढली तशी इंडोनेशियात कांडेचोरांना पकडून, कोंडून, कॉफीची फळे चारणे सुरू झाले. बाली बेटावरील १६ मळ्यांतील सुमारे ५० प्राण्यांची पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांची राहण्याची स्थिती वाईट होती. एकटा राहणारा निशाचर प्राणी गर्दीत ठेवला, की तो आजारी पडतो, आणि रोग प्राण्यांतून माणसात येण्याची वाट सोपी होते. सार्सचा विषाणू २००३ मध्ये चीनच्या बाजारातील, कांडेचोराच्याच जवळच्या नात्यातील एका उदमांजरात सापडला होता. तो मूळचा वटवाघळांतला, पण मधला दुवा बाजारातल्या पिंजऱ्यात होता. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कांडेचोराला संरक्षण आहे. त्याला पकडणे हा गुन्हा आहे.

इतवारीसाठी धडा

ही कॉफी आपल्यापैकी फारच थोडे जण पितील. मग तिच्याबद्दल वाचायचे कशासाठी? कारण तिचे नियम इतवारीतल्या प्रत्येक पोत्याला लागू पडतात. इतवारी-मस्कासाथ भागात मिरची, धान्य, शेंगदाणे, सुपारी यांचा घाऊक व्यापार चालतो. शेंगदाणा आणि मिरची ओली राहिली, तर त्यांवरील बुरशी अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार करू शकते. शेंगदाणे भाजून किंवा मिरची फोडणीत घालून ते पूर्ण जात नाही. निकृष्ट, सडक्या सुपारीला गंधकाची धुरी देऊन उजळवल्याची प्रकरणे नागपुरात अनेकदा उघडकीस आली आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेली. सुपारी मुळातच कर्करोगकारक ठरलेली आहे. त्यात धुरीने बुरशीचा डाग जातो, तिने आधी तयार केलेले विष हमखास जाते असे नाही.

म्हणजे किळस आणि धोका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नीट धुतलेली, वाळवलेली, भाजलेली विष्ठेतली बी किळसवाणी वाटली तरी सुरक्षित असू शकते. उलट, पांढरीशुभ्र, सुवासिक वस्तू घातक असू शकते. रंग, वास आणि किंमत यांपैकी एकही सुरक्षिततेचा पुरावा नाही.

वर्गात करून पाहण्यासाठी : दोन स्वच्छ काचेच्या बरण्या घ्या. एकीत मूठभर कोरडे हरभरे, दुसरीत तेवढेच पाणी शिंपडून ओले केलेले हरभरे ठेवून झाकणे घट्ट लावा. आठवडाभर रोज बाहेरूनच निरीक्षण करून नोंदी ठेवा. बुरशी दिसली तरी बरणी उघडू नका, वासही घेऊ नका. शेवटी ती शिक्षकांनी तशीच बंद टाकून द्यावी. मग मुलांना विचारा : हे हरभरे आता खरपूस भाजले, तर खावेत का? उत्तराबरोबर कारणही मागा.