ममादमधली मोटार नंबर 34



आमच्या अश्दोदच्या घरात ममादमध्ये, म्हणजे सायरन झाला की ज्या सुरक्षित खोलीत आपण धावतो तिथे, सध्या एक निळी मोटार उभी आहे. लांबी फक्त 21 सेंटिमीटर. तिला अजून दारावरचे आकडे नाहीत, आतला पिंजरा अर्धा झालाय आणि एक चाक गोळ्यांच्या डबीत आहे. तरी घरी जो येतो तो आधी तिला बघतो आणि मग आमची चौकशी करतो!

"आम्ही" म्हणजे आम्ही दोघे. एक नर्स, जिची चाळीस वर्षे ऑपरेशन थिएटरात गेली, आणि एक फिटर. आमचे हे परळच्या रेल्वे वर्कशॉपात काम शिकले आणि इथे आल्यावर विमानांच्या कारखान्यात निवृत्त होईपर्यंत होते. आता त्यात बारा वर्षांचा नातू धरला तर आम्ही तिघे.

ही मोटार आमच्याकडे आली कशी ते सांगतो. 2019 साली आम्ही अमेरिकेत नणंदेच्या मुलाकडे गेलो होतो. तो नॉर्थ कॅरोलिनात शार्लटला राहतो. तिथे नॅस्कार हॉल ऑफ फेम नावाचे मोठे म्युझियम आहे, 2010 साली उघडलेले. आम्हाला मोटारींच्या शर्यतीत काय कळणार? पण आमच्या ह्यांना गाडीचे बॉनेट उघडे दिसले की पाय पुढे जात नाहीत. आत एक रस्ता केलाय आणि त्यावर जुन्या गाड्या ओळीने उभ्या आहेत. रस्ता हळूहळू कलत जातो. ताल्लाडेगाच्या ट्रॅकचे वळण 33 अंश कललेले आहे, तिथे माणूस धड उभाही राहू शकणार नाही आणि ह्या गाड्या पळतात!

ह्या गाड्यांना "स्टॉक कार" म्हणतात. स्टॉक म्हणजे दुकानात विकायला ठेवलेला माल. मुलांनो, सुरुवातीला खरोखरच दुकानातली गाडी आणून शर्यतीत घालायची असा नियम होता. नॅस्कार ही संस्था 1948 ची, आपल्या ह्या देशाच्याच वयाची. तिची अशी पहिली शर्यत 19 जून 1949 ला शार्लटलाच मातीच्या ट्रॅकवर झाली. पहिला आलेला ग्लेन डनावे बाद ठरला, कारण त्याच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगा बदललेल्या निघाल्या. ती गाडी एरवी चोरटी दारू वाहायची, आणि ओझ्याने मागून बसू नये म्हणून स्प्रिंगा कडक केलेल्या! मग दुसरा आलेला जिम रोपर विजयी झाला. त्याच शर्यतीत सारा ख्रिश्चन नावाची एक बाईही गाडी चालवत होती. ही गोष्ट आमच्यातल्या नर्सने नातवंडांना दोनदा सांगितली. आजच्या गाड्या मात्र दुकानातल्या नसतात, शर्यतीसाठी वेगळ्या बांधतात. नाव तेवढे राहिले.

तुम्ही "कार्स" हे सिनेमे पाहिले असतील. त्यातला निळा "किंग" म्हणजे रिचर्ड पेटीची 43 नंबरची प्लीमथ सुपरबर्ड, आणि त्याला आवाजही खुद्द पेटीनेच दिलाय. तिसऱ्या भागात रिव्हर स्कॉट नावाची म्हातारी गाडी आहे, नंबर 34. ती वेन्डेल स्कॉटवरून केलेली आहे.

म्युझियममध्ये स्कॉटची हकीगत वाचताना आमचे हे फार वेळ उभे राहिले. हा व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचा काळा माणूस. लढाईत सैन्यात मेकॅनिक होता, नंतर स्वतःचे गॅरेज. पैसे नसायचे म्हणून दुसऱ्यांच्या वापरलेल्या गाड्या घेऊन स्वतःच दुरुस्त करायचा, मुलगे मदतीला. 1 डिसेंबर 1963 ला फ्लोरिडात जॅक्सनविलच्या शर्यतीत तो सगळ्यांच्या पुढे आला, पण पहिला म्हणून झेंडा दाखवला तो बक बेकरला, ट्रॉफीही त्यालाच. मोजणीत चूक झाली, स्कॉटच पहिला, असे काही तासांनी मान्य केले, तेव्हा लोक घरी गेलेले होते. स्कॉट 1990 साली वारला. हॉल ऑफ फेममध्ये त्याचे नाव 2015 साली लागले, आणि त्या शर्यतीची ट्रॉफी त्याच्या घरच्यांच्या हातात 2021 च्या ऑगस्टमध्ये पडली. म्हणजे 58 वर्षे!

निघताना भाच्याने 1962 च्या शेव्हरोले बेलएअरचा प्लास्टिकचा किट घेऊन दिला, एएमटी कंपनीचा, 1/25 मापाचा. स्कॉटने ती शर्यत त्याच मॉडेलच्या गाडीने जिंकली होती. किट साध्या रस्त्यावरच्या गाडीचा आहे, शर्यतीची गाडी आपण करायची. 34 चे आकडे वेगळ्या कागदावर मागवले. आणि ती पेटी चार वर्षे कपाटावर राहिली.

का राहिली, तर आमच्या ह्यांचे हात कापायला लागले होते. चहाचा कप बशीवर वाजायचा. डॉक्टरने तपासून सांगितले, पार्किन्सन नाही, हा वयाबरोबर येणारा कंप आहे. पण फिटरला ते सांगून काय उपयोग? त्यांनी कानशी, पाने, पक्कड सगळे एका पेटीत भरले आणि जावयाला देऊन टाका म्हणाले. आम्ही ती पेटी दिली नाही. पलंगाखाली सरकवली.

2023 च्या ऑक्टोबरात लढाई सुरू झाली. शाळा बंद होत्या, म्हणून नातू आणि त्याची आई, आमची सून, आमच्याकडेच राहायला आली. त्यांच्या जुन्या इमारतीत ममाद नाही. मुलगा मिलुइमला गेला. पोरगा दिवसभर फोन बघायचा. एके दिवशी त्याने कपाटावरची पेटी काढली आणि विचारले, "सबा, हे कधी करायचे?" सबा म्हणाले, "तू कर, मी बघतो."

टेबल लावायचे काम आमच्यातल्या नर्सकडे आले. थिएटरात आमची एक शिकवण होती: डॉक्टरने न बघता हात पुढे केला तरी वस्तू हातात पडली पाहिजे. तेच इथे केले. एक मोठा ट्रे, त्यावर हिरवा टॉवेल. उजवीकडे कापायच्या वस्तू: कटर, छोटी पक्कड, नवीन पाते. बोथट पाते जास्त धोक्याचे, कारण जोर लावावा लागतो आणि मग ते निसटते. वापरलेली पाती झाकणाच्या बरणीत, कचऱ्यात कधी नाही. डावीकडे चिमटे, दोन जुने आर्टरी फोर्सेप्स (चोरलेले नाहीत, निवृत्तीच्या वेळी भेट मिळाले!), कानशी आणि पॉलिश पेपर. मधली जागा रिकामी. ही रिकामी जागा फार महत्त्वाची, बरं का! वस्तू मांडताना लोक तीच आधी भरून टाकतात.

बारीक भागांसाठी आठवड्याच्या गोळ्यांची डबी घेतली. रविवारच्या खणात चाके, सोमवारच्या खणात आरसे आणि दिवे, असे. मात्र डबी नवीन घ्या आणि तिच्यावर मोटारीचे चित्र चिकटवा. आपल्या वयाला ब्लडप्रेशरच्या गोळीऐवजी हेडलाइट गिळायला नको! टेबलाच्या कडेला टॉवेल पिनांनी लावून दुसरे टोक मांडीवर घ्यावे, म्हणजे पडलेला भाग टॉवेलात राहतो. तरी हरवला तर व्हॅक्यूमच्या नळीच्या तोंडाला जुना नायलॉनचा स्टॉकिंग बांधून जमिनीवर फिरवा. भाग स्टॉकिंगला येऊन चिकटतो. आम्हाला असे दोन दारांचे हँडल आणि एक कानातले सापडले, जे नऊ वर्षे शोधत होतो.

हात कापणाऱ्यांसाठी: मनगट हवेत ठेवू नका. गुंडाळलेल्या टॉवेलवर दोन्ही हात टेका, कोपर टेबलावर. चाकूच्या दांड्याला कापड गुंडाळून जाड करा. सकाळी काम करा, दमल्यावर नाही. भिंगाचा दिवा लावा.

आता जी चूक झाली ती सांगतो, कारण ती दुसऱ्या कुणाच्या घरी होऊ नये.

भाग धुऊन सुकले होते. (आधी भांड्याच्या साबणाने धुवावेच लागतात, साच्याचे तेल असते, त्यावर रंग धरत नाही.) आता अस्तराचा करडा रंग मारायचा होता, स्प्रेच्या डब्याने. बाहेर जायला भीती वाटायची, म्हणून फिटर आणि नातू ममादमध्येच मारायला लागले. लोखंडी खिडकी त्या दिवसांत बंदच असायची. नर्सने वास घेतला, बघितले, आणि पोरगा किती दिवसांनी हसतोय म्हणून गप्प बसली. अर्धा तास गेला असेल. सायरन झाला.

अश्दोदला 45 सेकंद मिळतात. आम्ही आत शिरलो, दार लावले. त्या बंद खोलीत रंगाचा वास भरलेला, आणि आमच्या सुनेला दमा! दोन मिनिटांत तिची छाती वाजायला लागली. पंप तिच्या पर्समध्ये होता, पर्स बाहेर हॉलमध्ये. नर्स दार उघडून धावली, पंप आणला. बाहेर धमाके चालू होते. तेव्हा दहा मिनिटे आत थांबायचे असायचे. ती दहा मिनिटे आम्ही सुनेचा श्वास मोजत बसलो. पंपाने आराम पडला, ती बरी झाली, देवाचे उपकार. पण नातवाचे तोंड आम्ही अजून विसरलो नाही. त्याला वाटले आपल्यामुळे झाले. त्याच्यामुळे नव्हे. चाळीस वर्षे हॉस्पिटलात काढून जिला कळायला हवे होते तिच्यामुळे झाले, आणि हे आम्ही त्याला त्याच रात्री सांगितले.

दुसऱ्या दिवशी सगळी व्यवस्था बदलली. ममादमध्ये स्प्रे, थिनर, तीव्र वासाचा गोंद काही येणार नाही. तिथे फक्त कोरडे काम: कापणे, घासणे, पाण्याने आकडे चिकटवणे. खुर्च्या, पाणी, टॉर्च आणि सुनेचा जादा पंप दाराजवळ, त्या जागेवर मोटारीची एक वस्तूही ठेवायची नाही. ट्रे चाकाच्या ट्रॉलीवर, आणि ती ढकलून भिंतीला लावायला दहा सेकंदांच्या वर लागू नयेत. पोरगा घड्याळ लावून सराव करायचा. सात सेकंदांवर आला!

रंग बाल्कनीत, मोठ्या खोक्याच्या आत, नंतर जेव्हा बाहेर उभे राहण्यासारखे दिवस आले तेव्हा. सर्जिकल मास्कने रंगाची वाफ अडत नाही, लोकांचा हा गैरसमज आहे. कोळशाच्या फिल्टरचा मास्क लागतो. आणि आमच्यासारखे समुद्राकाठी राहणारे असाल तर दमट संध्याकाळी स्प्रे मारू नका, रंगावर पांढरी झाक येते. कोरडी सकाळ बघा. एक जाड थर देऊ नका, ओघळ येतात. पातळ तीन-चार थर द्या, मध्ये सुकू द्या.

काचांना सुपर ग्लू लावू नका. त्याच्या वाफेने काच धुरकट होते. पांढरा सुतारी गोंद लावा, तो सुकल्यावर दिसत नाही. हे आम्हाला मागची काच खराब करून कळले.

आणि पिंजरा! गाडी उलटली तर चालवणारा चिरडू नये म्हणून आत लोखंडी पाइपांचा पिंजरा असतो. किटमध्ये तो नव्हता. इथे एक गंमत आहे, मुलांनो. 1/25 मापात एक इंच म्हणजे जवळजवळ एक मिलिमीटर. म्हणजे पावणेदोन इंचाचा पाइप हवा असेल तर पावणेदोन मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची काडी घ्यायची. हा हिशोब पोराने केला आणि सबाला दाखवला. सबांनी काडी हातात घेतली, बघितली, म्हणाले, "अशी वाकवशील तर मोडेल. गरम पाणी आण." पलंगाखालची पेटी बाहेर आली. काडी गरम पाण्यात धरून, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीवर हळूच फिरवून त्यांनी पहिला बाक काढला. मनगटे टॉवेलवर, कंप होताच. पण वाकवायच्या कामाला कंप फारसा आड येत नाही, चिकटवायच्या कामाला येतो. म्हणून तेव्हापासून वाटणी अशी: वाकवणे सबाचे, चिकटवणे नातवाचे, मोजून परत ठेवणे नर्सचे.

पोराला खिडकीला जाळीही लावायची होती, गॉजची छान होते. पण सबांनी नको म्हटले. खिडकीची जाळी आली ती 1970 साली डार्लिंग्टनला पेटीची गाडी उलटून त्याचे अंग खिडकीबाहेर लोंबले त्यानंतर. 1963 च्या गाडीला ती शोभणार नाही. गॉज परत कपाटात गेले.

मुलगा घरी परत आला, सून आणि नातू त्यांच्या घरी गेले, म्हणून काम आता फक्त शुक्रवारी सकाळी चालते, शब्बाथच्या स्वयंपाकाच्या आधी. मागच्या शुक्रवारी पिंजऱ्याचे सहा दांडे बसले. दाराकडचे दोन राहिलेत. ते झाले की आकडे. आकड्यांचा कागद एकच आहे, म्हणून पोरगा सध्या जुन्या दह्याच्या डब्यावर दुसऱ्या कागदाचे आकडे चिकटवून हात बसवतोय. आमच्या फ्रिजमध्ये 7 नंबरचे दही आहे.